अंगावरचा कांझू

आरुआ
१४ फेब्रुवारी १९९५

प्रिय जका,

तुझं पत्र काल बसच्या ड्रायव्हरने दवाखान्याच्या फाटकावर आणून दिलं. आठही खोल्यांवर पत्रे चढले हे वाचून मी वॉर्डातच खुर्चीवर बसले. छोटी नर्स धावत आली, तिला वाटलं माझं प्रेशर पुन्हा चढलं. म्हटलं, अगं प्रेशर नाही, माझ्या खोल्यांवर पत्रे चढलेत. तिला काय कळणार! तीस वर्षं दुसऱ्यांची बाळं या जगात आणली. पुढच्या वर्षी डिसेंबरात मला पंचावन्न पुरी होतील, आणि त्याच दिवशी क्वार्टरची किल्ली परत द्यायची आहे. लग्न मोडलेल्या, मूल नसलेल्या बाईला त्यानंतर कुठे जायचं ते तूच सांग. सात खोल्या भाड्याने आणि आठवीत मी, एवढाच माझा म्हातारपणाचा बेत आहे. पेन्शनचं म्हणशील तर ती येईपर्यंत माणूस वर गेलेला असतो.

म्हणून आता नीट वाच. आमच्या वॉर्डाची सिस्टर तिकडे राजधानीत येते आहे, तिच्या हाती तीन लाख शिलिंग पाठवते. त्यातून रंग-गिलावा करायचा नाही. ते म्हाताऱ्या मुकीबींच्या कांझूचे आहेत. जागेवर बांधायचा हक्क आपण विकत घेतला खरा, पण खालची जमीन त्यांची. आजोबांच्या काळी जमिनीच्या मालकाला खरोखरचा पांढरा पायघोळ कांझू शिवून देत, आता पाकीट देतात आणि नाव तेच राहिलंय. तो हातात पडून 'तू माझा माणूस' असं मालकाने म्हटलं नाही, तर आपल्या आठ खोल्या म्हणजे त्याच्या जमिनीवर पडलेला कचरा. उद्या झाडू मारला तर कोणाकडे दाद मागणार?

जाताना बाबांचा कांझू घालून जा. तुला वारस केलं तेव्हा अंगावर चढवला तोच. म्हाताऱ्यांना कळू दे आपण कोणाची मुलं आहोत. इस्त्री मात्र तुझ्या बायकोला करू दे. लहानपणी कोळशाची इस्त्री पाडून तू त्याच्या घेराला भोक पाडलंस तेवढं पुरे. आईला बिचारीला निळ्या दोऱ्याने रफू करावं लागलं होतं, घरात पांढरा दोराही नव्हता.

आणि कागद घे. गावकमिटीच्या अध्यक्षाचा शिक्का मारलेला कागद घेतल्याशिवाय त्या घरातून उठू नकोस.

तुझी बहीण,
पेरुसी


नानसाना
१९ मार्च १९९५

प्रिय ताई,

काळजी सोड. कांझू दिला.

म्हाताऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "तुझ्या बापाला मी ओळखत होतो. आता तू माझा माणूस." त्यांच्या बायको, एसेझाबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी उकडलेल्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण वाढलं, आणि मी दोनदा मागून घेतलं. वाढणाऱ्याला नाही म्हणायचं कसं!

कागदाचं विचारशील. विचारलं गं. म्हातारे म्हणाले, मला आता अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, विल्सन शहरातून आला की लिहून देईल. विल्सन म्हणजे त्यांचा थोरला. मोटारींचे सुटे भाग विकतो आणि स्वतःही सुट्या भागांसारखाच आहे, कधी हाती लागत नाही. पण येईल.

परत येताना पावसाने गाठलं. नुसता कोट अंगात, वारा असा झोंबला की चार दिवस सर्दीने आडवा होतो. बायको म्हणते, वयाचं भान नाही. इस्त्रीचं म्हणशील तर मला काहीच आठवत नाही, पाच वर्षांचा तर होतो. पण घरात सगळे म्हणतात मीच पाडली, म्हणजे पाडली असेल. मार मात्र चांगला आठवतो.

भाडेकरू चांगले मिळालेत. तीन नंबरला नालोंगो आहे, जुळ्यांची आई. ती एकटीच आठ खोल्यांवर हुकूम चालवते. पाच नंबरला इसाबिर्ये, चपातीवाला. भाडं द्यायच्या दिवशी त्याच्या आजीची तब्येत नेमकी बिघडते. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी आजी माझ्या ताईपेक्षा जास्त वेळा आजारी पडते.

तुझा,
जका


आरुआ
२ मे १९९५

प्रिय जका,

कांझू दिला हे वाचलं आणि त्या दिवशी मी प्रेशरची गोळी घ्यायची विसरले. संध्याकाळी मोजलं तर प्रेशर ठीक! डॉक्टर हसले. म्हणाले, "पेरुसी, भाड्याची घरं बांधणाऱ्याला दोन दुखणी असतात. एक पाऊस पडताना होतं आणि दुसरं पाऊस थांबल्यावर."

पण मला सांग, भाडं सहाच खोल्यांचं का आलं? आठ बांधल्या ना आपण? आणि कागद कुठे आहे?

तुला एक सांगते, रागावू नकोस. तू प्रत्येक पत्र 'काळजी सोड' म्हणून सुरू करतोस आणि माझी काळजी नेमकी तिथूनच सुरू होते. बाळंतपणात जी बाई ओरडते तिची मला भीती वाटत नाही. जी गप्प पडून असते तिच्या खाटेजवळून मी हलत नाही. तू मला गप्प वाटतोस. एवढी गंमत लिहिलीस, नालोंगो लिहिलीस, आजी लिहिलीस, पण खोल्यांबद्दल गप्पच. पत्रे गळतात का? भिंतींना ओल आली का? संडासाचा खड्डा पावसात टिकला का? इथे चारशे-पाचशे किलोमीटरवर बसून मला दिसत काहीच नाही, म्हणून सगळंच दिसतं. परवा स्वप्नात आठही खोल्यांना दारं नव्हती.

वाईट असेल ते कळव. वाईट बातमीने माणूस मरत नाही, उशिरा कळलेल्या बातमीने मरतो. हे मी तीस वर्षं बघते आहे.

पेरुसी


नानसाना
२० नोव्हेंबर १९९५

प्रिय ताई,

काळजी सोड. दोन खोल्या रिकाम्या होत्या त्या रंगासाठी. आता आठही भरल्यात.

उशीर झाला खरा. तुमच्याकडच्या रस्त्यावर गोळीबार झाल्याचं ऐकलं, तीन आठवडे ड्रायव्हर पत्र घ्यायलाच तयार नव्हता, आणि त्याआधी माझंच लिहायचं राहत गेलं. आता टोळांचा हंगाम जोरात आहे. नालोंगोने दारातच मोठी कढई मांडली आहे आणि दिवसभर टोळ तळते. सगळ्या रांगेला त्याचा वास. सात नंबरचा मास्तर तक्रार घेऊन आला की धुराने डोळे चुरचुरतात. तिने त्याला मूठभर गरम टोळ दिले, मीठ-मिरची लावून. आता तो रोज तक्रार घेऊन तिच्याकडे जातो.

म्हातारे मुकीबी जरा थकलेत. काठी घेऊनही अंगणापलीकडे जात नाहीत. विल्सन अजून भेटला नाही, पण कागदाचं होईल.

गोळ्या वेळेवर घे.

जका


आरुआ
११ मार्च १९९६

जकालिया,

आज बसचा ड्रायव्हर फाटकावर भेटला आणि म्हणाला, "न्याबो, बाई, वाईट झालं हो." मला वाटलं तुझंच काही झालं. तर तो सांगतो, तुमचे जमीनमालक जानेवारीत गेले. त्यांच्या मुलाने मोजणीवाले आणलेत आणि तुमच्या खोल्यांमागे लाल रंगाचे दगड पुरलेत.

जानेवारीत! आणि आज मार्चची अकरा तारीख आहे. मला माझ्या घराची बातमी बसच्या ड्रायव्हरने द्यावी? तू आहेस कशाला तिथे?

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, जका. काय झालंय ते सगळं लिही. कांझू दिलास त्याचा कागद कुठे आहे, दगड कुठे पुरलेत, विल्सन काय म्हणतो. एक अक्षर गाळायचं नाही.

पेरुसी


नानसाना
२५ मार्च १९९६

प्रिय ताई,

या वेळी पहिली ओळ बदलतो. काळजी कर.

गेल्या वर्षी एक मार्चला, तू पाठवलेले पैसे मिळून आठवडाही झाला नव्हता, रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी संडासाचा खड्डा खचला. भिंतीसकट आत गेला. नालोंगो जुळ्यांतल्या एकाला घेऊन नुकतीच बाहेर आली होती, दहा पावलंही गेली नसेल. तिचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे. दुपारपर्यंत दोन खोल्यांतले लोक सामान बांधून गेले. बाकीचे म्हणाले, आठवड्यात खड्डा झाला नाही तर आम्हीही निघालो. खड्डेवाल्याने तीन लाख सांगितले. आतून विटा लावून, सिमेंटने बांधून. तुझे तीन लाख टेबलावर पडले होते, ताई.

तुला कळवायला हवं होतं. पण महिनाभर आधीच तू वॉर्डात बेशुद्ध झाली होतीस. बायको म्हणाली, कळवलंत आणि तिला काही झालं तर? मी ठरवलं, तुझ्यापुरती बातमी मीच गिळायची. खड्डा बांधला. मग म्हाताऱ्यांकडे गेलो, पाकिटासाठी मुदत मागायला. तर ते म्हणाले, "पाकीट? माझ्या बापाने पाकिटं घेतली नाहीत. कांझू म्हणजे कांझू." म्हणून मी कांझू दिला. खरा, अंगात घालायचा. त्यांनी तो घेतला आणि 'माझा माणूस' म्हणाले, ते मी तुला लिहिलं होतं तसंच्या तसं. तुला पाकीट वाटलं असणार हे मला माहीत होतं. ते मी तसंच राहू दिलं. ही माझी चूक.

आता विल्सन म्हणतो, बाबांच्या वहीत तुमचं नाव नाही. कांझू दिला नाही, तुम्ही माझे कोणी नाही. जूनअखेर खोल्या मोकळ्या करा. रस्त्यालगतची सगळी पट्टी तो एका व्यापाऱ्याला विकतो आहे. लाल दगड आपल्या मागच्या भिंतीपासून दोन हातांवर आहेत.

भाडेकरूंना अजून सांगितलेलं नाही. नालोंगोला कळलंय. तिला सगळंच कळतं.

जका


आरुआ
८ एप्रिल १९९६

जका,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. परवा वॉर्डात चक्कर येऊन पडले, कपाळाला तीन टाके पडलेत. हे मी तुला पहिल्याच ओळींत सांगते आहे. बातमी अशी सांगतात.

खड्ड्याचं मी समजू शकते. नालोंगो आणि तिचं बाळ वाचलं, त्या देवाचे आभार. मी तिथे असते तर मीही पैसे खड्ड्यातच घातले असते. पण मग मला का नाही लिहिलंस? मी आणखी तीन लाख उभे केले असते. शेळ्या विकल्या असत्या, डॉक्टरांकडे हात पसरला असता. तू माझं प्रेशर सांभाळलंस म्हणतोस. प्रेशर सांभाळलंस आणि घर घालवलंस! जूनपर्यंत खोल्या पडल्या तर डिसेंबरात मी कुठे जाऊ? बसस्टँडवर?

आणि कांझूची गोष्ट. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. 'मला पाकीट नको, झगाच हवा' असं म्हणणारा जमीनमालक मी अजून पाहिला नाही. कुठून घेतलास तो कांझू? बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून? म्हाताऱ्याला कमी दिसत होतं ते बरंच झालं म्हणायचं.

एक गोष्ट आयुष्यभर बोलले नाही ती आज बोलते. बाबा गेले तेव्हा सगळ्यांत मोठी मी होते. शेवटची तीन वर्षं त्यांना पैसे मी पाठवत होते. पण दारात उभं करून कांझू तुझ्या अंगावर चढवला, कारण तू मुलगा. मी चुलीपाशी बसून रडले आणि सगळ्यांना सांगितलं, धूर गेला डोळ्यांत. मग मनाला समजावलं, जाऊ दे, जका भला आहे, त्याला शोभतो. आता वाटतं, नाही शोभत. बाबांचा कांझू घालून तू त्यांच्याच लेकीला फसवलंस. काढून ठेव तो.

पेरुसी


नानसाना
२० एप्रिल १९९६

प्रिय ताई,

पत्र मिळालं. टाके निघाले का? डोक्याला ऊन लागू देऊ नकोस.

तू लिहिलंस ते खरं आहे. धुराचं मला माहीत होतं. तेव्हा चूल पेटलेलीच नव्हती.

मुकीबींच्या दुखवट्याचे शेवटचे विधी पंचवीस मेला आहेत. त्या दिवशी विल्सनला वारस म्हणून दारात उभा करतील. त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यांना बोलावलंय. मी जाईन. कांझू न घालता जाईन, तू म्हणालीस तसं.

जका


नानसाना
२८ मे १९९६

प्रिय ताई,

वाईट बातमी आधी. संडासाचा खड्डा लाल दगडांच्या पलीकडे गेला. ज्याच्यापायी हे सगळं रामायण झालं तोच आता आपला नाही. बुजवून अलीकडे दुसरा खणावा लागेल.

आता बाकीचं सांगतो, एकही अक्षर न गाळता.

शनिवारी सकाळी लवकरच गेलो. अंगणात पांढरेच पांढरे कांझू, आणि मध्ये मी एकटा कोट-पँटमध्ये. एक म्हातारा म्हणाला, "काय सेबो, काय साहेब, कोर्टाची तारीख आहे का आज?" सगळे हसले. मी केळीच्या बागेच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

विल्सनला दारात आणलं. कांझू, त्यावर खांद्यावरून गाठ मारलेलं झाडाच्या सालीचं वस्त्र, हातात भाला. वडीलधाऱ्यांनी उपदेश केला, मंडळींनी भेटी दिल्या. मग विल्सन बोलायला लागला. म्हणाला, "बाबांच्या जमिनीवर राहणाऱ्यांना मी अंतर देणार नाही. ज्यांनी कांझू दिला त्यांची नावं वहीत आहेत. बाकीच्यांनी जूनअखेर आपापलं बघावं." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झालो. म्हटलं, "मीही दिलाय. तुमच्या वडिलांनी माझ्या हातून घेतलाय."

"वहीत नाही."

"वहीत नसेल. पण दिलाय."

"सेबो, हवेत बोलू नका. किती होते पाकिटात?"

"पाकीट नव्हतं," मी म्हटलं, आणि अंगणात असा हशा पिकला की मला वाटलं, संपलं. ताईचं घर गेलं.

तेवढ्यात एसेझाबाई चटईवरून उठल्या. हळूच, गुडघ्यावर हात टेकत. म्हणाल्या, "विल्सन, तू घातलायस तो कांझू कोणाचा?"

"बाबांचा. तूच पेटीतून काढून दिलास ना?"

"तुझे बाबा माझ्या खांद्याला लागायचे. त्यांचे बाकीचे पाच कांझू तू सकाळी घालून पाहिलेस, सगळे गुडघ्याशी अडकले. हा एकच तुझ्या घोट्यापर्यंत कसा पोचला?"

विल्सनने खाली घोट्याकडे पाहिलं. लोकांचं हसणं थांबलं.

"खाली घेराला बघ," बाई म्हणाल्या. "निळ्या दोऱ्याचं रफू आहे. दोनदा धुतला मी तो, आणि दोन्ही वेळा म्हटलं, कोण गं बाई ही, पांढऱ्यावर निळं शिवणारी! पण हात किती सुबक. हा या माणसाच्या बापाचा कांझू आहे. हा आला तेव्हा त्याच्या अंगावर होता."

ताई, आता तुला सांगतो ते तेव्हा लिहायची माझी हिंमत झाली नव्हती. मी मुदत मागितली तेव्हा म्हातारे माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "पाकीट नाही म्हणतोस. मग अंगावर आहे तो काय आहे?" मला वाटलं थट्टा करतायत. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "कांझू म्हणजे कांझू." मी कोट काढला, कांझू काढला, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. मग बनियनवर कोट चढवून पावसातून घरी आलो. वारसाने बापाचा कांझू देऊन टाकला, हे कोणाला सांगू? बायकोलाही सांगितलं, धुवायला टाकलाय म्हणून. ती वर्षभर परिटाला शिव्या देते आहे.

हे सगळं एसेझाबाईंनी भर अंगणात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी तेव्हा म्हटलं होतं, अहो, देऊन टाका त्याचा त्याला. तर तुझे बाबा म्हणाले, ज्याने अंगावरचा काढून दिला त्याच्याकडे आणखी काय मागायचं? विल्सन, याचा कांझू घालून तू दारात उभा आहेस, आणि यालाच म्हणतोस कांझू दिला नाही?"

विल्सनचा चेहरा उतरला होता. पण तो व्यापारी माणूस. त्याने भाला भावाकडे दिला, सालीच्या वस्त्राची गाठ सोडली, कांझू डोक्यावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या वडिलांचा आहे ना? मग न्या. दुसऱ्याच्या बापाची वस्तू ठेवणं मला शोभत नाही. न्या, सेबो."

ताई, माझा हात पुढे गेला होता. खोटं सांगत नाही. बाबांचा कांझू होता तो. कॉलरपाशी त्यांच्या मानेचा पिवळा डाग अजून तसाच आहे, धुऊनही गेलेला नाही. सव्वा वर्ष मी त्याच्यासाठी आतून झुरत होतो, आणि तू लिहिलंस 'काढून ठेव' तेव्हा तर मला जेवण गेलं नाही. बोटं कापडाला लागलीसुद्धा. आणि मग कळलं, हा घेतला की दिलेला कांझू परत आला. मग मी कोणाचा माणूस? मग जूनअखेर खोल्या मोकळ्या.

मी हात मागे घेतला, पाठीमागे बांधले. म्हटलं, "दिलेला कांझू परत घेत नाहीत. तुम्हालाच शोभतो. माझ्या ताईला डिसेंबरात घरी यायचंय."

एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हा शहाणा आहे रे!" तोच, सकाळी कोर्टाची थट्टा करणारा. मग सगळे एकदम बोलायला लागले. विल्सन बनियनवर उभा, हातात कांझू, ठेवताही येईना आणि देताही येईना. शेवटी त्याच्या चुलत्यांनी तो घेतला आणि पुन्हा त्याच्या डोक्यावरून घातला, लहान मुलाला घालतात तसा. कमिटीचा अध्यक्ष तिथेच जेवायला बसला होता. त्याला पानावरून उठवलं. त्याच्या खिशात शिक्का होताच. कागद झाला. मागची हद्द मात्र विल्सनने दगडांवरच ठेवली, म्हणून खड्डा गेला.

कागद सोबत पाठवत नाही, रस्त्याचा भरवसा नाही. नालोंगोच्या ट्रंकेत ठेवलाय. तिथून तो कोणी काढू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

बाबांचा कांझू गेला, ताई. पण तू म्हणाली होतीस तसा तो मी आधीच काढून ठेवला होता. एवढंच म्हणायचं होतं.

तुझा,
जका


आरुआ
९ जून १९९६

प्रिय जका,

तुझं पत्र मी वॉर्डाच्या मागे पायरीवर बसून वाचलं आणि रडले. या वेळी कोणाला धूर सांगितला नाही. छोट्या नर्सने विचारलं तर म्हटलं, मी माझ्या भावाला नको ते बोलले आहे. मला क्षमा कर. एप्रिलचं ते पत्र चुलीत घाल.

खड्ड्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा खणू. पैसे मी पाठवते, आणि या वेळी कुठे खणायचा ते नालोंगोला विचारा. आठ नंबरच्या भाडेकरूला नोव्हेंबरअखेरची मुदत दे, घाईने काढू नकोस. घर सोड म्हटल्यावर माणसाला काय होतं ते आता मला माहीत आहे.

आता माझ्याकडची वाईट बातमी. तिला बेचाळीस वर्षं उशीर झालाय.

इस्त्री तुझ्या हातून पडली नव्हती. मी बारा वर्षांची होते. रविवारी चर्चला जायचं म्हणून बाबांचा कांझू मला इस्त्री करायला दिला होता. बाहेर मुली दोरीवर उड्या मारत होत्या. मी इस्त्रीची कडी नीट न लावताच उचलली आणि निखारा पडला. तू शेजारी मातीत खेळत होतास. आई आली, आणि मी म्हटलं, जकाने ओढली. तुला बोलता यायच्या आत पहिला फटका बसला. मी दारामागे उभी राहून कान झाकले. मग वर्षानुवर्षं ते इतक्या वेळा सांगितलं की तुलाही खरं वाटायला लागलं. गेल्या वर्षीसुद्धा पत्रात मी तेच लिहिलं, किती सहज लिहिलं!

ते भोक नसतं तर आईने रफू केलं नसतं, आणि रफू नसतं तर तुझा कांझू त्या अंगणात कोणी ओळखला नसता. ते भोक माझं होतं, जका. मार तुझा होता. आणि मी तुला लिहिलं की कांझू तुला शोभत नाही.

डिसेंबरात आले की आधी शिंप्याकडे जाऊ, तुझ्यासाठी नवा कांझू शिवायला टाकू. इस्त्री मी करीन. आणि भोक पडलं तर सगळ्यांना सांगेन, मी पाडलं.

तुझी ताई,
पेरुसी